ॲपचं नंतर बघू, आधी बाबांचे तीन लाख परत आणा

येळ्ळूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३१, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर, हातात पगार ३४ हजार. नोकरी सोडून त्यांना ॲप काढायचं आहे. बेळगावातले टर्फ (तासाच्या भाड्यानं मिळणारी कृत्रिम गवताची मैदानं), स्विमिंग पूल, खानापूरकडची फार्महाऊस, जांबोटी-चोर्ल्याकडच्या पावसाळी सहली, सगळं एकाच ठिकाणी बुक व्हावं अशी कल्पना. पुण्याच्या एका कंपनीनं सहा लाखांत ॲप करून देतो म्हणून सांगितलंय. जाहिरात आणि पहिल्या वर्षाचा खर्च धरून दहा लाख लागतील. ते लिहितात: ‘बाबा जूनमध्ये फाउंड्रीतून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २३ लाख आले. पेन्शन २,९०० रुपये आहे. तीन लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून पाच वर्षांच्या एका योजनेत ठेवलेत, एफडीपेक्षा जास्त मिळतात म्हणाले. त्याची फाईल गणपतीच्या आदल्या दिवशी घरी आली. विमा माझ्या नावावर आहे, पैसे बाबांच्या खात्यातून गेले. बाकीचे २० लाख बचत खात्यातच आहेत. त्यातले दहा ॲपमध्ये घालू का?’

पत्रासोबत तुम्ही त्या फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. ती पाच वर्षांची योजना नाही. हप्ता वर्षाला तीन लाख, हप्ते भरायची मुदत दहा वर्षं, पॉलिसीची मुदत वीस वर्षं, असं त्या पानावर छापलेलं आहे. म्हणजे बाबांनी तीन लाख ठेवले नाहीत, तीस लाख भरायचं कबूल केलं आहे. आणि त्यांच्याकडे आहेत वीस.

तुमचं पत्र १५ सप्टेंबरला हातात पडलं. फाईल २६ ऑगस्टला आली, म्हणजे वीस दिवस गेले होते. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती कारण न विचारता रद्द करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून विमा नियामकानं ती तीस केली. म्हणून हे उत्तर लिहायच्या आधीच तुम्हाला मेल केली आहे. इथं सविस्तर लिहितोय ते इतरांसाठी, कारण निवृत्तीचा पैसा खात्यात जमा झाला की बँकेतून असा फोन अनेक घरांत येतो.

काय करायचं ते नीट बघा. पॉलिसी तुमच्या नावावर, म्हणून अर्जावर सही तुमची. ‘फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून हप्ता परत द्यावा’ एवढं एक वाक्य पुरे. सोबत मूळ पॉलिसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. हा अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नव्हे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या मेलवरही पाठवा. तीन लाखांतून कापून जातं ते एवढंच: जितके दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांचा जोखमीचा भाग, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. बाबांच्या खात्यातून दरवर्षी आपोआप हप्ता कापायची जी परवानगी दिली असेल, तीही त्याच दिवशी बँकेत जाऊन बंद करा.

बँकेतले साहेब घरी येतील. ‘आत्ता काढलंत तर नुकसान होईल, एक वर्ष तरी थांबा,’ म्हणतील. थांबलात की नुकसान झालंच म्हणून समजा. नव्या नियमांनुसार पहिलं वर्ष पुरं झाल्यावर सोडलं तरी काही रक्कम मिळते, पण ती बरीच कापून. आज जवळजवळ सगळे मिळतात. कंपनीनं टाळाटाळ केली तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, नंतर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि महिनाभरात निकाल लागला नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही.

आता ‘एफडीपेक्षा जास्त’ या शब्दाचा हिशोब. दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे, विसाव्या वर्षी ५५ लाख मिळणार. आकडा मोठा दिसतो, पण व्याजाच्या भाषेत तो वर्षाला चार टक्के होतो. साधी एफडी याहून जास्त देते. तेव्हा बाबा ऐंशी वर्षांचे असतील. आणि मधे तुम्हाला काही झालं तर घरच्यांना मिळणार तीस लाख. तुमच्या वयाच्या निरोगी माणसाला एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो. तीस लाखांच्या संरक्षणासाठी वर्षाला तीन लाख, आणि तेही २,९०० रुपये पेन्शन असलेल्या माणसाच्या खात्यातून. हे विकणाऱ्याला बाबांची पेन्शन ठाऊक होती, ती त्याच बँकेत जमा होते. मला याचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

आता तुमचा बेत त्यात घालून बघा. वीसमधले दहा ॲपला गेले, दहा उरले. पुढच्या वर्षी हप्ता तीन, त्याच्या पुढच्या वर्षी तीन, मग तीन. बाबा त्रेसष्टचे होतील तेव्हा खात्यात एक लाख, आणि यात घरखर्चाचा एक रुपयाही धरलेला नाही.

तीन लाख परत आले की हे करा. वीस लाख बाबांच्या नावानं सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, पोस्टात किंवा बँकेत. सध्याचा दर ८.२ टक्के. दर तीन महिन्यांना ४१ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर, तेही मुद्दलाला हात न लावता. उरलेले तीन लाख एफडीत, अडीअडचणीला. पत्राच्या शेवटी तुम्ही आईच्या मधुमेहाचा ओझरता उल्लेख केलाय. फाउंड्रीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपला, तेव्हा दोघांचा आरोग्य विमा याच महिन्यात काढा आणि मधुमेह फॉर्मवर स्पष्ट लिहा. जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

आता ॲप. कल्पना वेडगळ नाही. संध्याकाळी टर्फवर पोरं दिसतात, रविवारी चोर्ल्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हे मीही बघतो. पण तुम्ही मोजलीत ती गर्दी. त्या गर्दीतून तुमच्या हातात काय पडतं ते मोजलेलं नाही. टर्फचा तास ९०० रुपये धरू, कमिशन दहा टक्के, ९० रुपये. त्यावरचा जीएसटी आणि पेमेंट गेटवेचे दोन टक्के गेले की उरतात साठेक. दुसऱ्यांच्या वतीनं पैसे गोळा करणारं ॲप कायद्यानं ई-कॉमर्स ऑपरेटर ठरतं, त्याला वीस लाखांच्या उलाढालीची सूट नाही. जीएसटी नोंदणी पहिल्या दिवसापासून. तुमचा आजचा पगार, मालकांकडे फिरायला ठेवलेला एक मुलगा, सर्व्हर, थोडी जाहिरात, असे महिन्याला साठ हजार लागतील. म्हणजे महिन्याला हजार बुकिंग, रोज तेहतीस. एवढं झाल्यावर तुम्ही आज जिथं आहात तिथंच असाल, दहा लाख वजा.

आणि रोज तेहतीस कुठून येणार? संध्याकाळी सहा ते अकराचे स्लॉट मालक फोनवरच भरतो, त्यासाठी तो तुम्हाला ९० रुपये का देईल? त्याचे रिकामे असतात दुपारचे, आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी कोण खेळतो? एकदा तुमच्यामार्फत आलेल्या टीमचा कॅप्टन जाताना मालकाचा नंबर घेऊन जातो, पुढचं बुकिंग व्हॉट्सॲपवर. मैदानं बुक करायचं प्लेओसारखं ॲप बेंगळुरूत चालतं कारण तिथं टर्फ आणि अनोळखी खेळाडू दोन्ही भरपूर आहेत. अनगोळ आणि वडगावची पोरं एकमेकांना ओळखतात.

सहलींचं तर आणखी अवघड. धबधब्यांचा हंगाम जून ते सप्टेंबर, चार महिने. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणाला नेता येत नाही. पावसात कोणी घसरून पडलं तर पोलीस आधी बुकिंग कुणी केलं ते विचारणार.

तरीही हौस खरी असेल तर नोकरी ठेवून नोव्हेंबर ते जानेवारी करून बघा. ॲप नको. चार टर्फ, दोन फार्महाऊस, व्हॉट्सॲप बिझनेस, एक गूगल शीट. माहिती मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. खर्च तुमच्या स्वतःच्या बचतीतून, पन्नास हजारांच्या आत. मालकाकडून कमिशन दर आठवड्याला प्रत्यक्ष वसूल करा, तोंडी आश्वासन धरू नका. आणि एकच गोष्ट लिहून ठेवा: पहिल्यांदा तुमच्याकडून बुक केलेल्यांपैकी दुसऱ्यांदा तुमच्याकडेच किती आले. निम्मेही आले नाहीत तर धंदा मालकाच्या फोनवरच राहणार, ॲप कितीही देखणं असो.

निम्म्याहून जास्त आले तर ती शीट घेऊन हुबळीला देशपांडे स्टार्टअप्समध्ये जा, नव्या धंद्यांना हात देणारी ती संस्था आहे. राज्य सरकारचं एलिव्हेट अनुदानही आहे, त्यात निवड झाली तर पन्नास लाखांपर्यंत मिळतात आणि ते कर्ज नसतं. पुण्याच्या कंपनीला तोवर आगाऊ रक्कम देऊ नका. दिली असेल तर किती आणि कोणत्या करारावर, ते मला कळवा. तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही, म्हणून विचारतोय.