टी-शर्टवरचा बाप्पा दुसऱ्याच धुण्यात सोलपटला!

प्रश्न : ताई, सोसायटीच्या गणपतीसाठी मुलांचे टी-शर्ट यंदा घरीच केले. ट्रान्सफर पेपर आणला, प्रिंट काढली, इस्त्री मारली, दिसायला एकदम झकास. आणि दुसऱ्याच धुण्यात बाप्पाची सोंड कडेने सुटायला लागली. पेपर डुप्लिकेट लागला का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पेपरला शिव्या घालायच्या आधी एक सांगा, इस्त्री कशावर मारली? जाड चादरीवर नाहीतर इस्त्रीच्या गादीवाल्या टेबलावर ना? बहुतेक घरांत इथेच माशी शिंकते. त्या कागदावर प्लास्टिकसारखा एक पातळ थर असतो, प्रिंट त्याच्यावर येते, उष्णतेने तो वितळतो आणि दाबाने कापडाच्या धाग्यांत शिरतो. खाली मऊ असेल तर तुमचा सगळा जोर गादी खाते, थर नुसता वरवर चिकटतो, आणि पाणी लागलं की कड सुटणारच. ओट्यावरही नको, ग्रॅनाइट उष्णता ओढून घेतं. त्यापेक्षा घरातला लाकडी पाट काढा, फुल्या ठोकलेला नाही, साधा सपाट. तो जमिनीवर ठेवायचा, वर उशीचा सुती अभ्रा एकेरी घालायचा आणि गुडघ्यावर बसून अंगाचा भार टाकून दाबायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ओल. भाद्रपदात पुण्यात कपडे वाळले असं आपण नुसतं म्हणतो, हात लावला की दमटच लागतात. त्यामुळे पेपर ठेवायच्या आधी कोरी इस्त्री फिरवून त्या जागेतली ओल घालवा. टी-शर्ट नवा असेल तर त्याआधी एकदा धुवून घ्या कारण नव्या कापडाला खळ असते, आणि त्या धुण्यात कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका, त्याचा थर बसला की पकड येत नाही. इस्त्री कॉटनवर, स्टीम बंद. स्टीमवाल्या इस्त्रीला तळाला भोकं असतात, तेवढ्या जागी उष्णता कमी पोचते, म्हणून आजीची जुनी जड ड्राय इस्त्री असेल तर ती याला बेस्ट! आणि कपड्याला करतो तशी सरकवत राहू नका, एका जागी १५-२० सेकंद दाबून धरा, उचला, थोडी पुढच्या जागेवर ठेवा, नेमका वेळ पाकिटावर असतो तो बघा. कडा आणि कोपरे पुन्हा एकदा. डिझाइन कापताना टोकदार कोपरे गोल करा, सुटायला सुरुवात तिथूनच होते.

कागद गरम असताना काढायचा की गार झाल्यावर हेही पाकिटावर लिहिलेलं असतं. कोपरा हळूच उचलून बघा, चित्र कागदाबरोबर वर येत असेल तर तसंच खाली ठेवा आणि परत दाबा. पहिलं धुणं किमान २४ तासांनी, उलटा करून, गार पाण्यात. आणि धुण्याच्या मावशींना आधीच सांगून ठेवा, ब्रश लावायचा नाही. ब्रशपुढे कुठलाच ट्रान्सफर टिकत नाही. सुटलेल्या सोंडेवर बटर पेपर ठेवून परत दाबून बघा, कड नुसती उचलली असेल तर बसते, थराला भेगा पडल्या असतील तर मात्र नाद सोडा.

प्रश्न : एफसी रोडवरून काळा टी-शर्ट घेतला, त्यावर रंगीत चित्र लावलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. वर मराठी अक्षरं होती तीही उलटी आली! – कॉलेजकुमार, कोथरूड

उत्तर : दोन वेगळे घोळ आहेत. तू फिक्या कपड्याचा पेपर वापरलास, त्याचा थर पारदर्शक असतो, आणि घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच, चित्रातलं पांढरं म्हणजे खालचं कापड. कापडच काळं तर काय दिसणार! गडद कपड्याचा पेपर वेगळा मिळतो, त्याला पांढरा अपारदर्शक थर असतो. फिक्याच्या पेपरवर प्रिंट आरशात दिसते तशी उलटी काढायची. गडदच्या पेपरवर सरळच, मागचा कागद सोलून चित्र वर तोंड करून ठेवायचं आणि बटर पेपर घालून दाबायचं. मात्र त्यात चित्राभोवतीची पांढरी कडही उमटते, म्हणून अगदी रेषेला चिकटून काप. बारीक अक्षरं कापताना वेलांट्या-उकारांनी जीव जातो, तेव्हा अक्षरांमागे एक रंगीत पट्टीच ठेव आणि ती अख्खी काप.

प्रश्न : ऑफिसमधल्या लेझर प्रिंटरवर प्रिंट काढली तर चालेल का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : इंकजेटचा पेपर असेल तर अजिबात नको. लेझर प्रिंटर आतमध्ये कागद तापवतो, तो थर तिथेच वितळून रोलरला चिकटेल आणि मग आयटीवाल्यांना काय सांगणार? लेझरचा ट्रान्सफर पेपर वेगळा येतो. घरी इंकटँक असेल तर शाई बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांची, असते पण रंगीत शाई डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, असते, आणि डाय धुण्यात लवकर फिकी पडते.

प्रश्न : आमच्या सिंहगड ग्रुपचे ४० टी-शर्ट करायचेत, ड्राय-फिट. घरी केले तर स्वस्त पडतील ना? – एक वाचक, धायरी

उत्तर : नाही हो. ड्राय-फिट म्हणजे पॉलिएस्टर, कॉटनच्या सेटिंगवर इस्त्री टेकवलीत की कापड चकाकणार, नाहीतर वितळणार. शिवाय ४० वेळा गुडघ्यावर बसून दाबायचं म्हणजे सिंहगड परवडला. बाहेरून डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट-टू-फिल्म छपाई करून घ्या. त्यात डिझाइन फिल्मवर छापतात, रंगांवर पांढऱ्या शाईचा थर देतात, त्यावर गोंदाची पावडर टाकून तापवतात आणि मग हीट प्रेसने कपड्यावर बसवतात. कॉटन, पॉलिएस्टर, काळं, पांढरं, सगळ्यावर चालतं. छापणारे बहुतेक मीटरवर किंवा शीटवर पैसे घेतात, म्हणून छातीवरच्या मोठ्या डिझाइनांच्या मधल्या रिकाम्या जागेत बाहीवरचे छोटे लोगो बसवून फाइल द्या. आणि आधी एकच टी-शर्ट करून घ्या, दोन-तीनदा धुवा, मग बाकीच्यांची ऑर्डर द्या.