वाचक विचारतात : डाकोटा स्वस्त, फेरी महाग

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई दलातून सुटलेल्या वैमानिकांनी दोन-तीन जुनी विमानं घेऊन भाड्याच्या कंपन्या काढल्या. विमान मोडीच्या भावात मिळत असताना त्या बुडाल्या का?
– एक वाचक, ओझर

उत्तर : विमान एकदाच घ्यायचं असतं, पेट्रोल रोज. डाकोटा या युद्धकाळातल्या मालवाहू विमानाची दोन इंजिनं मिळून तासाला साधारण ३५० लिटर पितात. हिशेब मांडून पाहा. ब्रिटिश नियमांप्रमाणे उड्डाणाचं कमाल वजन १२,७०० किलो. त्यातून रिकामं विमान सुमारे ८,२०० किलो, चालक आणि इंजिन ऑइल ४००, चार तासांचं आणि वर एक तास राखीव पेट्रोल १,३०० किलो. मालाला उरले २,८०० किलो. आपल्याकडचा दहा चाकी ट्रक याहून कितीतरी जास्त कांदा नेतो.

उन्हाळ्यात तेही भरता येत नाही. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर. पारा ४० वर गेला की तिथली हवा १,६०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ होते. धाव लांबते, आणि उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर चढणं अवघड. मग माल उतरवा किंवा पहाटे निघा.

खरं दुखणं मात्र परतीच्या भाड्याचं. वाशीला माल टाकून रिकामा ट्रक कसारा घाट चढतो तेव्हा मालकाला काय वाटतं, हे नाशिककरांना सांगायला नको. चीनमध्ये लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकी वैमानिकांच्या तुकडीतल्या रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी १९४५ मध्ये अमेरिकेत मालवाहू कंपनी काढली. सुरुवातीच्या मालात कॅलिफोर्नियाची द्राक्षं होती. द्राक्षं एकाच दिशेनं जातात. ती कंपनी टिकली, बाकी बऱ्याच गेल्या. रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवल्या, त्या नाकेबंदीत (जून १९४८ ते मे १९४९) माजी एअर व्हाइस मार्शल डॉन बेनेट यांच्या एअरफ्लाइट कंपनीच्या ट्यूडर विमानांनी इंधन वाहिलं. येताना टाक्या रिकाम्या, पण पैसे सरकार देत होतं. ते काम संपलं आणि कितीतरी ब्रिटिश कंपन्यांना टाळं लागलं.

प्रश्न : डाकोटा सुरू करण्याआधी पंखा हातानं का फिरवत?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : एका इंजिनात चौदा सिलिंडर गोलात मांडलेले असतात. इंजिन उभं राहिलं की ऑइल रिंगांमधून झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. ऑइल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. वाईट म्हणजे तो तेव्हाच तुटेल असं नाही, हवेत गेल्यावरही तुटतो.

म्हणून मॅग्नेटो (ठिणगीला वीज देणारं यंत्र) बंद करून पंखा फिरायच्याच दिशेनं ओढायचा. सगळे सिलिंडर एकदा दाबात यायला किमान चार पाती हातानं ओढावी लागतात. जास्त ओढलेली बरी. अडला तर जोर लावू नये, उलटाही फिरवू नये. उलटा फिरवला की ऑइल इनटेक पाइपात जातं आणि इंजिन सुरू होताना परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढून ऑइल गळू द्यायचं, एवढाच उपाय.

प्रश्न : भारतात असं कोणी केलं का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : हो. युद्धात वाहतुकीची विमानं उडवलेल्या बिजू पटनायक यांनी १९४७ मध्ये कलिंग एअरलाइन्स काढली. १ ऑगस्ट १९५३ ला कलिंगसह आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परतीच्या भाड्यावर सर्वांत चांगला तोडगा ३० जानेवारी १९४९ ला सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिसतो. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि भरलेलीच आपापल्या गावी परतत.