जहाज डोंगर कसं चढतं?
पनामा कालव्याच्या सफरीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी-जावयाने आम्हा दोघांसाठी फ्लोरिडा ते लॉस एंजेलिस अशी पंधरा दिवसांची जहाजाची सफर ठरवली आहे. वाटेत पनामा कालवा लागतो. नातू फोनवर सांगतो की जहाज पायऱ्या चढून वर जातं आणि पलीकडे उतरतं. त्यासाठी पंप केवढे लागत असतील? आणि खोली कोणत्या बाजूची घ्यावी? – निवृत्त शिक्षक, वरूड (जि. अमरावती)

उत्तर : गुरुजी, पंप एकही नाही. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धरणातून निघून वावरांच्या कडेने जाणारा पाट येतो. पनामात मात्र जहाज धरणाच्या तलावातूनच जातं. चाग्रेस नदी गातून इथे मातीच्या धरणाने अडवली, तिच्या मागे तलाव झाला. त्याची पातळी समुद्राहून सुमारे २६ मीटर उंच आहे. जहाज एका समुद्रातून या तलावावर चढवायचं, तलाव ओलांडायचा, डोंगर फोडून काढलेल्या कुलेब्रा खिंडीतून न्यायचं आणि पलीकडच्या समुद्रात उतरवायचं. सगळं मिळून ८० किलोमीटरच्या आसपास आणि आठ ते दहा तास.

चढउतार होते ती लॉकमध्ये. लॉक म्हणजे काँक्रीटचा लांबोळा हौद, दोन्ही टोकांना पोलादी दारं. जुन्या लॉकचा हौद ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. जहाज खालच्या पातळीवर आत शिरतं, मागचं दार लागतं, मग वरच्या बाजूच्या झडपा उघडतात. भिंतींच्या पोटातून साडेपाच मीटर व्यासाची भुयारं नेलेली आहेत. वरचं पाणी आपल्याच वजनाने त्यांतून खाली येतं आणि हौदाच्या तळातल्या भोकांमधून वर उसळतं. ते तळभर सारखं यावं लागतं, एकाच बाजूने लोंढा आला तर जहाज भिंतीवर रेटलं जाईल. आठ-दहा मिनिटांत हौद भरला की पुढचं दार उघडतं आणि जहाज पुढच्या हौदात सरकतं. गातूनला अशा तीन पायऱ्या सलग आहेत. उतरताना पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन, तिथे हौदातलं पाणी खाली सोडतात. मिराफ्लोरेसची शेवटची दारं सगळ्यांत उंच, कारण पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीत सहा मीटरपर्यंत फरक पडतो. अटलांटिकच्या बाजूला अर्धा मीटरही पडत नाही.

दारांची घडण पाहण्यासारखी आहे. दोन्ही फळ्या उंच पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना आवळून धरतो. फळी दोन मीटरहून जाड, पण आतून पोकळ, म्हणून पाण्यात तिचं ओझं बिजागरांवर फारसं येत नाही. हे काम १९१४ पासून चालू आहे.

दोन्ही काठांवर रुळांवरून विजेची इंजिनं चालताना दिसतील. त्यांना तिथे म्यूल, म्हणजे खेचर म्हणतात. एकेकाचं वजन सुमारे ५० टन. मोठ्या जहाजाला आठपर्यंत लावतात. ती जहाज ओढत नेतात असं प्रवाशांना वाटतं, ते बरोबर नाही. जहाज स्वतःच्याच पंख्यावर पुढे जातं. खेचरं दोन्हीकडून दोर ताणून त्याला मधोमध ठेवतात आणि थांबायच्या वेळी ब्रेकचं काम करतात. एवढा सगळा थाट, आणि पहिला दोर जहाजापर्यंत आणायला अजूनही दोन माणसं वल्ह्यांची होडी घेऊन येतात! ते चुकवू नका.

आता खोलीचं. बाल्कनीसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर निदान कालव्याच्या नावाने मोजू नका. जुन्या लॉकमध्ये जास्तीत जास्त ३२.३ मीटर रुंदीचं जहाज जातं, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा. हौद रिकामा असताना खालच्या मजल्यांवरून ओली काँक्रीटची भिंत दिसते, दुसरं काही नाही. खरं दृश्य जहाजाच्या नाकावरून. एरवी बंद असलेला पुढचा डेक बहुतेक जहाजं त्या दिवशी उघडतात. जहाज पहाटेच बंदराच्या तोंडाशी येतं आणि कालव्याचा पायलट चढतो. इतर बंदरांत पायलट कप्तानाला सल्ला देतो, इथे जहाज चालवण्याचा ताबाच त्याच्याकडे जातो. तेव्हा पाच-साडेपाचला चहा घेऊन जागा धरा. गातून आटोपलं की तलावाचे दोन-तीन तास निवांत असतात. जेवण, विश्रांती तेव्हा उरका आणि गांबोआ गाव दिसताच परत या, तिथून खिंड लागते.

उन्हाचा हिशोब असा. नकाशा उघडून पाहा: अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज पश्चिमेला जात नाही, आग्नेयेला जातं. पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडाहून पूर्वेला आहे. म्हणून सकाळी उजव्या अंगाला सावली, दुपारी डाव्या अंगाला. वैशाखात राबणाऱ्या माणसाला तिथलं तापमान किरकोळ वाटेल, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. टोपी, पाणी आणि पातळ सुती कपडे ठेवा.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या: जहाज जुन्या लॉकमधून जाणार की नव्या? २०१६ साली उघडलेले नवे हौद ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहेत. तिथे दारं बाजूला सरकतात आणि खेचरांऐवजी टगबोटी जहाज धरतात. ३२.३ मीटरहून रुंद जहाज तिथूनच जाणार. पाहण्याची गंमत जुन्या लॉकमध्ये जास्त, हे आमचं मत.

प्रश्न : आमच्या इकडं नहराचं पाणी टेलवरच्या वावराले पोचत नाही, अन् तिथं म्हणे जहाज चढवाले धरण रिकामं करतात. एका जहाजाले किती पाणी लागते? समुद्राचंच पाणी वर ओढून काहून नाही भरत? – धान उत्पादक शेतकरी, ता. लाखांदूर (जि. भंडारा)

उत्तर : एका जहाजाच्या पूर्ण पारगमनाला सुमारे २० कोटी लीटर गोडं पाणी, म्हणजे ०.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). पन्नास एकर वावरात मीटरभर उंच उभं राहील एवढं. ते पायरीपायरीने खाली येत शेवटी समुद्रातच जातं. रोज साधारण ३६ जहाजं धरली तर सात दलघमीच्या वर झालं.

समुद्राचं पाणी वर चढवलं तर विजेचा खर्च येईलच, पण मोठी अडचण मिठाची. याच तलावाचं पाणी पनामा सिटी आणि कोलोन या शहरांच्या नळाला जातं, देशाची निम्म्याहून अधिक वस्ती त्यावर आहे. नव्या लॉकना प्रत्येक हौदाशेजारी तीन-तीन उथळ टाक्या आहेत. हौद रिकामा करताना पाणी त्यांत साठवून पुढच्या जहाजाला सुमारे ६० टक्के पुन्हा वापरतात. टंचाईत जुन्या लॉकच्या दोन शेजारच्या हौदांमध्येही पाण्याची अदलाबदल करतात. पण तेच पाणी वारंवार फिरवलं की तलावात खार चढत जातो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे.

पाऊस तुटला की गाडं अडतं, हे तुम्हाला सांगायला नको. २०२३ मध्ये एल निन्योच्या वर्षी पाऊस कमी पडला आणि वर्षाअखेर रोजची जहाजं २५ च्याही खाली आणावी लागली. शिवाय मालजहाजांना कमी माल भरायला लावला, कारण तलाव उतरला की जहाजाचा तळ टेकायची भीती. प्रवासी जहाजं आधीच तारीख बांधून घेतात, त्यांना झळ कमी लागते. १९३५ साली चाग्रेसवर वरच्या अंगाला आणखी एक धरण बांधून पाणी राखायची सोय केली होती. तीही आता अपुरी पडते.

प्रश्न : वय ६७. आमचा ट्रॅव्हल एजंट म्हणतो, पनामात जहाजातून उतरायचंच नाही, तर पिवळ्या तापाची लस कशाला? – वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : एजंटाचं अर्धंच ऐका. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीचं जहाज तिथल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात उतरवणार असेल, तर वाटेत दूरच्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून अशा सफरींत बऱ्याचदा कोलंबियातलं कार्ताहेना बंदर असतं. पनामा आणि कोलंबिया दोन्ही देश आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत लस घेतल्याच्या कार्डाशिवाय भारतात उतरलं तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वाटेतले काही देशही कार्ड मागतात. ही कडकाई उगाच नाही. ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास, डेंग्यूचाच, घरोघरी आहे.

लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, त्यामुळे केंद्रं वार ठरवून, आधी नाव घेऊन देतात. मूळ पासपोर्ट न्या, कार्डावर त्याचा नंबर पडतो. कार्ड लसीनंतर १० व्या दिवसापासून चालतं आणि पुढे जन्मभर. लोक फसतात ते या दहा दिवसांतच.

तुमच्यासाठी खरी बाब वेगळी आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर गंभीर त्रासाची शक्यता वाढते, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर देत नाहीत. म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर फेरीची दिशा पाहा. फ्लोरिडाहून लॉस एंजेलिसला जाताना पनामा पहिल्या आठवड्यात होतं आणि घरी पोचेपर्यंत सहाहून जास्त दिवस उलटतात. उलट्या फेरीत पनामा आणि कार्ताहेना शेवटी येतात, ती टाळा.

याच रोगाने आणि हिवतापाने १८८१ ते १८८९ या काळात फ्रेंचांचं कालवा खणण्याचं काम बुडवलं. सुमारे वीस हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. १९०४ नंतर काम अमेरिकेकडे आलं, तेव्हा तिथले लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पाण्याची भांडी झाकायला लावली, डबक्यांवर तेल सोडलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. आपल्याकडच्या ‘कोरड्या दिवसा’चंच काम, फक्त सक्तीने.

प्रश्न : जाहिरातीत दहा दिवसांत ‘पनामा कालवा’ आणि निम्मं भाडं. फसवणूक तर नाही? सोबत घरची संत्री नेता येतील का? – वाचक, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : फसवणूक नाही, पण ती अर्धी फेरी असते. जहाज गातूनच्या तीन पायऱ्या चढतं, तलावात वळतं आणि त्याच वाटेने उतरतं. खिंड आणि पॅसिफिक दिसत नाही. ‘पूर्ण पारगमन’ असे शब्द तिकिटावर आहेत का बघा. संत्री नाही. अमेरिकेत ताजी फळं आणि बियाणं विमानतळावरच काढून घेतात, आणि लपवलं तर दंड. बंद पाकिटातला चिवडा, पापड चालतो, पण खायचं सामान आहे असं विचारल्यावर सांगा.

प्रश्न : मुलगा क्रूझच्या किचनमध्ये आहे. पुढच्या महिन्यात त्याचं जहाज पनामातून जाणार. घरून मोबाइलवर दिसेल का? – एक आई, ता. मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : दिसेल, ताई. कालव्याच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉकचे कॅमेरे चालू असतात, पैसे पडत नाहीत. आपलं घड्याळ पनामाच्या साडेदहा तास पुढे आहे. जहाज तिथे सकाळी ७ ला गातूनला असेल तर आपले संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्याच दिवशी दुपारी ३ ला ते मिराफ्लोरेसला आलं तर इकडे रात्रीचा दीड. जुने की नवे लॉक हे त्याला आधी विचारा, नाहीतर भलताच कॅमेरा पाहत बसाल. चित्र दर काही सेकंदांनी बदलतं, म्हणून जहाज अडखळत चालल्यासारखं वाटतं. जहाजाचं नाव नाकाजवळ दोन्ही बाजूंना लिहिलेलं असतं. त्याला सांगा, त्या वेळी फोन विमान मोडवर ठेव आणि जहाजाच्या वाय-फायवरून बोल. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि त्याचं बिल फार येतं. संध्याकाळी साडेपाचला तो बहुतेक नाश्त्याच्या घाईत असेल, डेकवर दिसायचा नाही.