पहिलंच विमान म्हणून जुनं टेलव्हील विमान घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

घ्या, जरूर घ्या. तुम्ही लिहिलंय की लायसन्स नुकतंच मिळालंय, सगळे तास नोजव्हीलवरच, म्हणजे तिसरं चाक शेपटीऐवजी नाकाखाली असलेल्या विमानावरच, झालेत, आणि १९४६ चं एक एरोन्का चॅम्प आणि त्याच सालचं एक सेसना १४० अशी दोन विमानं मनात भरलीत, दोन्ही अमेरिकेत रजिस्टर झालेली, आणि चॅम्पच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, झालंय म्हणून ओढा तिकडे जास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की इंजिनाच्या तासांवरून ठरवू नका. इंजिन दुरुस्त होतं, अगदीच गेलं तर बदलता येतं, आणि कॉन्टिनेंटलची ही छोटी इंजिनं नीट माहीत असलेले मेकॅनिक अजून आहेत. पण कापडाच्या आतला सांगाडा गंजलेला किंवा स्पार, म्हणजे पंखाची लांब मुख्य तुळई, तडकलेला निघाला तर अख्खं विमान सोलून काढावं लागतं आणि तो खर्च विमानाच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो. जाहिरातीत मात्र इंजिनाचे तास आणि नवा रंग हेच ठळक लिहिलेलं असतं.

चॅम्पचं कसं आहे, की बॉडी म्हणजे वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्या, पंखांचे स्पार लाकडाचे, आणि वरून सगळीकडे कापड. पूर्वी कॉटनचं कापड असायचं. ग्रेड ए कॉटन नवं असताना इंचाला ८० पौंड ताण सहन करतं आणि ५६ च्या खाली आलं की बाद, म्हणजे काही वर्षांनी ते काढावंच लागायचं आणि त्या निमित्तानं आतलं सगळं डोळ्यांखालून जायचं. आता बहुतेकांवर पॉलिएस्टर असतं, हँगरमध्ये ठेवलं तर ते कितीतरी वर्षं टिकतं, आणि गोम तिथेच आहे, कापड धडधाकट असल्यामुळे कोणी आत बघतच नाही आणि आतलं लोखंड आणि लाकूड मात्र आपल्या गतीनं म्हातारं होत राहतं. त्यामुळे कापड कधी बदललं हे तर विचाराच, पण त्या वेळी उघड्या सांगाड्याचे फोटो काढले होते का हे आधी विचारा. मनापासून काम केलेल्या माणसाकडे असे ढीगभर फोटो असतात आणि तो ते हौसेनं दाखवतो.

नळ्या बघायच्या त्या शेपटीकडच्या, खालच्या बाजूच्या. विमान उभं असताना शेपूट खाली असते, आत शिरलेलं पाणी घरंगळत तिथेच जातं, पाणी निघायची भोकं बुजलेली असली की साचतं आणि नळी गंजायला लागते. तिथे जाणकार मेकॅनिकला टोच्यानं दाबून बघू द्या. आणि पंखाच्या झाकणाला नाक लावून वास घ्या, खरंच घ्या, उंदरांनी घरटं केलं असेल तर कळतं आणि त्यांच्या मुतानं धातू खाल्ला जातो.

आता स्पार. यावर जरा थांबतो कारण चॅम्पमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. लाकडी स्पारच्या या विमानांसाठी एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची, २००० सालची एडी आहे, म्हणजे सक्तीची तपासणी, आणि ती शोधते कॉम्प्रेशन क्रॅक, पंखाचं टोक कधी जमिनीला घासलं किंवा कशावर आपटलं की लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडतात ते. असाच एक चॅम्प तपासताना मी शेजारी उभा होतो. बाहेरून विमान नुसतं लखलखत होतं. मेकॅनिकनं पंखाखालची झाकणं काढली, छोटा आरसा आत घातला आणि टॉर्च समोरून न धरता लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला. समोरून प्रकाश पडला की काही दिसत नव्हतं, स्वच्छ वॉर्निश केलेलं लाकूड, आडवा टाकला की लाकडाच्या रेषांना काटकोनात जाणारी केसाएवढी वाकडीतिकडी ओळ उमटत होती, स्ट्रट, म्हणजे पंखाला आधार देणारा तिरका दांडा, जिथे जोडतात तिथल्या प्लायवूडच्या पट्टीची बाहेरची कड संपते बरोबर तिथे. त्या विमानाचा सौदा झाला नाही. म्हणून तुमच्या चॅम्पला ती तपासणी कोणी, कधी आणि कुठल्या झाकणातून केली ते लॉगबुकात लिहिलेलं हवं, नुसतं "एडी पूर्ण" एवढं पुरत नाही.

सेसना १४० मध्ये ही भीती नाही, बॉडी ॲल्युमिनियमची, पंखांचा सांगाडाही ॲल्युमिनियमचाच, त्यावर कापड. (१४०ए वेगळं, त्याचे पंख पूर्ण धातूचे.) तिथे बघायचं ते चाकाचा पाय बॉडीला जिथे जोडलाय ती पेटी. ग्राउंड लूपचा, म्हणजे जमिनीवर धावताना विमान गर्रकन फिरण्याचा, मार तिथे बसतो, सुरकुतलेला पत्रा, सैल किंवा नंतर बदललेले रिव्हेट दिसले की खोदून विचारा. काहींना चाकं पुढे सरकवणारे तुकडे लावलेले असतात, जोरात ब्रेक मारल्यावर नाकावर पडू नये म्हणून, ते असतील तर त्यांचीही कागदपत्रं बघा.

ग्राउंड लूप का होतो हे समजून घ्या, कारण आतापर्यंत तुम्ही ज्यावर शिकलात तिथे उलटं आहे. टेलव्हीलमध्ये विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो, त्यामुळे विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन त्याला अजून तिरकं करतं, आपोआप सरळ होणं नाही, रडरवर पाय सतत जिवंत हवेत, विमान पूर्ण थांबेपर्यंत. एफएएच्या नियमानं एंडोर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाची लेखी मान्यता, लागतं, त्यात क्रॉसविंडमधले म्हणजे बाजूच्या वाऱ्यातले टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग म्हणजे शेपूट वर ठेवून आधी मोठ्या चाकांवर उतरणं, आणि गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं येतात, किती तास ते नियमात नाही. इन्शुरन्सवाले मात्र आपले तास सांगतात, म्हणून टोकन द्यायच्या आधी त्यांना फोन करा. आणि एंडोर्समेंट विमान घ्यायच्या आधीच करा, दुसऱ्याच्या विमानावर, त्यात तुम्हाला हे उडवणं मनापासून आवडतं का तेही कळेल.

अजून एक, १९४६ च्या मूळ चॅम्पला इलेक्ट्रिकल सिस्टीमच नसते, स्टार्टर नाही, प्रोपेलर हातानं फिरवून चालू करायचं. हे व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही. येणाऱ्या माणसाकडून शिका, चाकांना अडण लावून, शेपूट बांधून, आत ब्रेक धरून बसलेला जाणता माणूस असेल तेव्हाच. १४० ला स्टार्टर असतो.

कागदांचं थोडक्यात. एफएएकडून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवता येते, त्यात मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ असतात, ते लॉगबुकाशी ताडून बघा, पंख दुरुस्त केल्याचा फॉर्म आहे आणि लॉगबुकात त्या वर्षी चकार शब्द नाही असं असेल तर मालकाला विचारा. विमानावर कर्जाचा बोजा नाही ना, तेही तपासून घ्या. इंजिनाचं ओव्हरहॉल किती तासांपूर्वी झालं यापेक्षा किती वर्षांपूर्वी झालं आणि त्यानंतर विमान नियमित उडलं का ते बघा, उभ्या विमानाचे सिलिंडर आतून गंजतात, तासांचा आकडा कितीही छान असो.

आणि तपासणीसाठी मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको, आणि त्यानं याच जातीची विमानं उघडलेली हवीत. "प्रीबाय", म्हणजे विमान घेण्याआधीची, अशी काही कायद्यातली ठरलेली तपासणी नसते, काय काय उघडायचं ते तुम्हीच आधी लिहून द्यायचं. कोण चांगला आहे ते सेसना १२०-१४० असोसिएशनसारख्या मालकांच्या संघटनांना विचारा, लोक भरभरून मदत करतात.

दोन्हीतलं कुठलं असं विचाराल तर उडवायला मला चॅम्प जास्त आवडतं, पुढच्या सीटवरून एकट्यानं उडवता येतं आणि नाकावरून समोरचं चांगलं दिसतं, शिकणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण आज संध्याकाळी त्या मालकाला फोन करा आणि स्पारच्या तपासणीची नोंद आणि आतले फोटो मागा. त्यानं झाकणं उघडून द्यायची तयारी दाखवली तर मेकॅनिक घेऊन जा. टाळाटाळ केली तर ते ओव्हरहॉल विसरा आणि १४० बघायला निघा.