एंजल माशांची पिल्लं पाचव्या दिवशी मरतात: माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. पिल्लं पोहायला लागतात, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) खातात, पोटं केशरी दिसतात आणि चार-पाच दिवसांत तळाशी पांढरा सडा. प्रत्येक खेपेला टँक ब्लीचने धुता, स्पंज उकळता, वर 'सावधगिरी म्हणून' अँटिबायोटिक टाकता. दादरच्या घरी मी दोन वर्षं हेच केलं.

क्लोरीन, अमोनिया, तापमान तुम्ही बघत असालच.

मला भोवला तो एक सल्ला. मेलेली पिल्लं बाटलीत घालून एका कार्यालयात गेलो. तिसऱ्या खिडकीवरच्या साहेबांनी बाटली हातातही न घेता सांगितलं, "इन्फेक्शन आहे, सगळं निर्जंतुक करा." मी इमानेइतबारे केलं. पुढच्या खेपेला दोनशेच्या वर पिल्लांतली अकरा उरली. शेजारच्या टेबलावर मायक्रोस्कोप होता, हे आठवलं की अजून संताप येतो.

मग वाचायला लागलो. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं, की झेब्राफिश या छोट्या माशाची पिल्लं पूर्ण जंतुविरहित पाण्यात वाढवली तर आतडं अर्धवट घडतं. बुळबुळीत स्राव सोडणाऱ्या पेशी कमी पडतात, अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम काम करत नाही. जिवाणूंच्या विषाची धार तेच बोथट करतं. नंतर जिवाणू सोडले, तर आतडं मार्गी लागलं. त्यात झेब्राफिशची अँटिबॉडीवाली प्रतिकारशक्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. एंजल वेगळा मासा, मान्य. पण मला उत्तर इथेच सापडलं: निर्जंतुक करणंच पिल्लांना भोवत होतं. शिवाय आपण रिकामं केलेलं पाणी रिकामं राहत नाही. उरलेल्या आर्टेमियावर झपाट्याने वाढणारे जिवाणू आधी जागा धरतात, आणि त्यांतलेच काही पिल्लांना आजारी पाडतात.

आता मी जुन्या, निरोगी टँकमधला चालू स्पंज फिल्टर लावतो, निम्मं पाणीही तिथलंच. रोज थोडंच बदलतो. आजार दिसल्याशिवाय औषध नाही. मी डॉक्टर नाही, जुन्या टँकमध्ये रोग असेल तर हे करू नका. कुर्ल्याच्या बाजारातून आणलेल्या पिशवीतलं पाणी तर थेंबभरही नको. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, बाटल्यांवर जिवाणूचं नावच छापलेलं नसेल, तर माझ्या मते पैसे वाया.

आणि आर्टेमिया फडक्यातून गाळून गोड्या पाण्यात धुऊन घाला; ज्या पाण्यात ती फुटते, ते जंतूंनी भरलेलं असतं.

पुढची अंडी पडली की कळवा, माझ्याकडचा चालू स्पंज घेऊन जा. ओला ठेवून न्या, वाळला तर जिवाणू मरतील.