संसारात वीस वर्षांनंतर हसू परत कसं आणायचं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला वीस वर्षं झाली, आता बोलणं गॅस, वीजबिल आणि मुलांच्या फीपुरतं उरलंय, नवऱ्याच्या घोरण्यामुळे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपता. विनोदी व्हिडिओ एकमेकांना पाठवून पाहिले, तरी घरात हसणं काही परत आलं नाही. व्हिडिओंनी ते येणारही नाही. ज्या गोष्टीवरून घरात रोज कुरबूर होते, तिथेच शोधा. आमच्याकडे ते तिथेच सापडलं, म्हणून खात्रीनं सांगते.

आम्ही डिचोलीचे. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारा आमचा ट्रक अंगणात उभा राहिला. ह्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. बँकेचे हप्ते चालू, ट्रक बंद. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. पावसाळ्यात सासूबाईंनी ट्रकाच्या चाकाशी घोसाळ्याच्या बिया टोचल्या. वेल बघता बघता हौद्यावर चढला. हे भडकले, उपटायलाच निघाले. मी मध्ये पडले आणि म्हटलं, अर्धा ट्रक माझा आहे, माझ्या अर्ध्यावरचा वेल राहू दे.

ते खरंही होतं. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातला कुटुंबाचा भाग गोव्यात अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. हे क्षणभर थांबले, मग म्हणाले, "बरें तर, वाल तुज्या वांट्यार चडोव, हप्तो लेगीत तुजोच!" (वेल तुझ्या वाट्यावर चढू दे, हप्ताही तुझाच!) किती महिन्यांनी आम्ही तिघं हसलो असू, देव जाणे. त्या रात्री घोसाळ्याची भाजी वाढताना हे म्हणाले, गोव्यात इतकं महाग घोसाळं कोणी खाल्लं नसेल. मग हप्त्याचं काय करायचं, ट्रक विकायचा का, हे आम्ही पहिल्यांदा शांतपणे बोललो. कर्ज तेवढंच होतं, पण ते आता ह्यांच्या एकट्याच्या छातीवर नव्हतं.

पुढे हे बालरथ चालवू लागले, शाळेच्या मुलांना ने-आण करतात. "खनिज गप्प बसायचं, हा माल गाणी म्हणतो," असं परवाही कोणाला तरी सांगत होते. मला त्यांचं हे वाक्य फार आवडतं.

आमच्याकडे जत्रेला दहीकाला, म्हणजे दशावतारी नाटक होतं. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, कथानक ठरलेलं, बोलणं उभ्या उभ्या सुचतं. समोरच्यानं टाकलेलं वाक्य झेललं नाही तर प्रवेश पडतो. घरातही तेच. दोघांपैकी एकानं काहीतरी टाकायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. तुमच्याकडे टाकणं थांबलंय की झेलणं, ते आधी पाहा. बहुतेकदा झेलणं थांबलेलं असतं. समोरचा काहीतरी बोलतो, आपण मोबाईलमधून मान वर करत नाही आणि दोन-चार वेळा असं झालं की तोही बोलायचं सोडतो.

अगदी अलीकडचं सांगते. पाळी जायचे दिवस आले, इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूचं शरीराच्या तापमानावरचं नियंत्रण बिघडतं, मध्यरात्री अंगातून वाफा निघतात. ऐन थंडीत माझा पंखा पाचवर, आणि हे कानटोपी घालून वाकळीत. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "फॅना वांगडा लग्न जालें काय गो तुजें?" (पंख्याशी लग्न झालं काय गं तुझं?) हसून हसून मला उठून बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं सांगितलं: त्या वयात रात्री विहिरीवर जाऊन अंगावर पाणी ओतून घ्यायच्या, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मुलालाही ते तेव्हाच कळलं. त्यानंतर ह्यांनी स्वतःच खाटा हलवल्या, माझी पंख्याखाली, आपली भिंतीकडे.

एक मात्र पाळा. पंख्यावर हसा, ट्रकावर हसा. माणसाच्या वजनावर, कमाईवर, टकलावर पाहुण्यांसमोर हसू नका. ह्यांचं काम गेलं तेव्हा एका नातेवाइकानं जेवणाच्या पंगतीत तसा विनोद केला होता. पंगत हसली. हे हात धुवायला उठले ते परत आलेच नाहीत. ज्याच्यावर विनोद आहे तो हसत नसेल तर ताबडतोब थांबावं, "गंमत केली" हे कारण मला मान्य नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या घोरण्याचं. मी तिथूनच सुरुवात करीन, पण आधी नीट ऐका. घोरताना मध्येच श्वास थांबतो का, दचकून जाग येते का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? तसं असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. त्यांना विचारून एका रात्रीचं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, आणि घरी आल्यावर चहा घेत ते एकदा जोडीनं ऐका.