आमवात, मेथोट्रेक्सेट आणि गुळवेलीचा काढा

‘डॉक्टर म्हणतात माझी प्रतिकारशक्ती बिघडलीय. मग ती सुधारायला काढा घेतला, तर चुकलं कुठं?’ रुमेटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अॅसिड आणि थायरॉइडची गोळी, असं त्यांचं औषध सुरळीत चाललं होतं. नेहमीच्या रक्ततपासणीत मात्र एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २००च्या पुढे गेलं. साधारण ४०पर्यंत असायला हवं.

‘दुसरं काही घेता का?’ यावर उत्तर आलं, ‘नाही.’ काढा हे औषध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणून प्रश्न बदलला: ‘सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, ते क्रमानं सांगा.’ तेव्हा सगळं बाहेर आलं. शेजारच्या कुंपणावरच्या गुळवेलीचं वीतभर खोड ठेचायचं, त्यात सुंठ, सात-आठ मिरी, ज्येष्ठमध घालायचं आणि तांब्याभर पाणी वाटीभर होईपर्यंत आटवायचं. तो काढा रोज अनशापोटी, थायरॉइडच्या गोळीबरोबरच, आणि असे चार महिने.

इथे तीन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या. पहिली म्हणजे ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर, थायरॉइडवर उलटलेली असते. मेथोट्रेक्सेट तिला आवरतं, तर गुळवेल तिला चेतवते म्हणूनच घेतली जाते. कोविडच्या काळात, २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद केली. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची माहिती आली. बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटल्यासारखं, चित्र दिसलं. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मानला नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असावी असं त्यांचं म्हणणं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, पण ठेचून पातेल्यात पडलेल्या खोडावर त्या कोण तपासणार? कुंपणावरची वेल नेमकी कुठली, हे ताईंनाही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट, मेथोट्रेक्सेट स्वतःच यकृतावर ताण आणू शकतं. दोष गोळीचा की काढ्याचा, हे रक्ततपासणीवरून ठरवता येईना. डॉक्टरांना दोन्ही थांबवावं लागलं. तीन आठवड्यांत एसजीपीटी उतरू लागलं, पण बोटांची सूज परत आली. काढ्याची खरी किंमत इथे मोजावी लागली.

तिसरी, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायचं असतं. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, काढा काही नको, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही.

ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. अश्वगंधेनं थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते, यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. ‘थायरॉइडवर चांगली’ म्हणून ती स्वतःहून सुरू करणारे बरेच असतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मग काहीच प्यायचं नाही का? तसं नाही. स्वयंपाकातल्या मात्रेत आलं, गवती चहा, तुळस बहुतेकांना चालते. अर्धा इंच आलं किंवा तुळशीची चार-पाच पानं कपभर उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा, दिवसातून एकदा घ्या. आटवू नका. तासभर आटवलेल्या काढ्यात अर्क कितीतरी जास्त उतरतो आणि मात्रा हाताबाहेर जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर तेवढ्यासाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

ताईंना दिलेली सूचना इतरांनाही लागू आहे: काढा आज बंद करा, पण मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड स्वतःच्या मनानं नाही. स्टिरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुढच्या भेटीला चूर्णाचे डबे, बाटल्या, वेलीचा तुकडा पिशवीत घालून न्या. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेलेली किंवा सारखी मळमळ, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.